मिचिकोची पत्रिका

औषधाच्या बाटलीवर एक्सपायरी डेट छापावी लागते. किश्श्यांना ती भानगड नसते, म्हणून ते साठत जातात. मी न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट होतो त्याला आता बरीच वर्षं झाली, पण चार मित्र जमले, चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, "ते जपानी बाईचं सांग रे!" मग माझी बायको उठून आत जाते, कारण तिला सगळं पाठ आहे, आणि मी सांगायला बसतो.

ही बाई म्हणजे मांगा काढणारी एक चित्रकार. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. जाडजूड पुस्तकं, काळीपांढरी चित्रं आणि वाचायचं उजवीकडून डावीकडे. बाईंचं नाव भलतंच लांब होतं, त्यामुळे जगभरचे वाचक त्यांना नुसतं 'सेन्सेई' म्हणायचे, म्हणजे गुरुजी. त्यांची गोष्ट अगदी साधी. एक छोटंसं बेट, बेटावर औषधाचं एकुलतं एक दुकान आणि ते चालवणारी चोवीस वर्षांची मिचिको. तिच्यासाठी झुरणारे दोघं : फेरीबोट चालवणारा केन्जी आणि तोक्योहून आलेला डॉक्टर. मिचिको लग्न कुणाशी करणार, एवढ्या एका प्रश्नावर सेन्सेईंचे भागामागून भाग निघत होते. फ्रेंचमध्ये, इटालियनमध्ये, कुठे कुठे भाषांतरं झाली होती. ब्राझीलमध्ये म्हणे नवा भाग आला की दुकानाबाहेर पोरं रात्रभर झोपायची.

दोन हजार पाचच्या सुमारास ही साथ आमच्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या फार्मसीत येऊन पोचली.

*

साथ आणली टामाने. टामा आमचा टेक्निशियन. माओरी, साडेसहा फुटी, रग्बी खेळून खेळून मान आणि खांदे एक झालेले. लसी ठेवायच्या थंड खोलीत तो रोज सकाळी टेंपरेचर बघायला जायचा. हळूहळू टेंपरेचर बघायला त्याला पाऊण तास लागायला लागला! शेवटी आमची मुख्य फार्मासिस्ट ग्लेंडा स्वतः आत गेली. ग्लेंडा म्हणजे कडक काम. तिच्यासमोर ट्रेमधल्या गोळ्यासुद्धा ओळीत उभ्या राहायच्या.

आत टामा जॅकेट, कानटोपी, हातमोजे अशा थाटात इन्सुलिनच्या खोक्यावर बसला होता आणि पुस्तक वाचत रडत होता.

"टेंपरेचर किती आहे?" ग्लेंडाने विचारलं.

"चार डिग्री," टामा नाक पुसत म्हणाला, "पण केन्जीची बोट बुडतेय!"

ग्लेंडाने पुस्तक जप्त करून आपल्या पर्समध्ये टाकलं. आम्हाला वाटलं, आता टामाची काही धडगत नाही. दुसऱ्या दिवशी ग्लेंडा जन्मात पहिल्यांदा उशिरा आली. डोळे सुजलेले, केस विंचरायचे राहिलेले. तिने पर्स टेबलावर आपटली आणि आमच्यावर डाफरली, "दुसरा भाग कुणाकडे आहे?"

*

मिचिको गिऱ्हाइकाला औषध देते ते दोन्ही हातांनी आणि कमरेत वाकून. टामाला हे फार आवडलं, म्हणून त्यानेही सुरू केलं. पेशंटचं नाव पुकारायचं, पुडकं दोन्ही हातांवर धरायचं, डोळे मिटायचे आणि खिडकीतून वाकायचं. म्हाताऱ्या बायका खूश झाल्या. एक आजी तर खोकल्याचं औषध संपायच्या आत पुन्हा न्यायला आल्या.

मग एक दिवस गमबूट घातलेला एक शेतकरी आला. गाईगुरांचा माणूस, घसा दुखत होता म्हणून अँटिबायोटिक न्यायला आलेला. एवढा धिप्पाड गडी आपल्यापुढे डोळे मिटून वाकलाय, हे पाहून तो पांढराफटक पडला.

"मला खरं काय ते सांग, मेट," तो हळूच म्हणाला. "किती दिवस?"

"सात," टामा म्हणाला. कोर्स सात दिवसांचा होता!

तो बिचारा बाकावर जाऊन बसला आणि गाई भावाच्या नावावर करायला बायकोला फोन करू लागला. त्याची समजूत काढता काढता माझा घसा बसला. संध्याकाळी ग्लेंडाने भिंतीवर नोटीस लावली : 'औषध एकाच हाताने द्यावे.'

*

लवकरच हॉस्पिटलात दोन तट पडले. फार्मसी केन्जीच्या बाजूची आणि झाडून सगळे डॉक्टर त्या डॉक्टरच्या बाजूचे. कँटीनमध्ये टेबलं वेगळी झाली. हाडांचे एक मोठे सर्जन तर इतके इरेला पेटले, की एकदा त्यांनी ऑपरेशन थिएटरमधून आमच्या तातडीच्या लाइनवर फोन केला. ती लाइन वाजली की हातातलं काम टाकून पळायचं. ग्लेंडाने धावत जाऊन फोन उचलला.

"नववा भाग वाचलात का?" सर्जन विचारत होते. "मी हात धुतोय. एकदा आत गेलो की संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही. ती त्याला हो म्हणते की नाही, एवढंच सांगा!"

"सॉरी," ग्लेंडा थंडपणे म्हणाली. "आम्ही फोनवर कुणाचीही खासगी माहिती देत नाही."

*

अशात कराडहून माझी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. इंग्रजीचं आणि तिचं कधीच जमलं नाही; आकडे आणि मुळाक्षरं तेवढी यायची. दिवसभर आम्ही दोघं कामावर, बाहेर गार वारा, टीव्हीवर रग्बी. आईने टेबलावरचा पहिला भाग उचलला आणि चित्रं बघत आपला आपण वाचून काढला. अर्थात आपल्या पद्धतीने, डावीकडून. अशा पुस्तकांच्या त्या टोकाला मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, की थांबा, तुम्ही उलट्या बाजूने वाचताय. आईला ते लेखिकेचं मनोगत वाटलं, म्हणून तिने ते सोडून दिलं!

त्या शनिवारी ग्लेंडा आणि टामा थालीपीठ खायला आमच्याकडे आले होते. आईने पुस्तकावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "सांग त्यांना, तुमच्या धंद्यातली ही पोर हुशार आहे हो! तो म्हातारा केव्हाचा गेला होता. माणसं रडून मोकळी झाली होती, फुलंसुद्धा वाहून झाली होती. हिने एक पुडी दिली आणि म्हातारा उठून बसला! मग जरा जरा चालायला लागला, मग काठी टाकली आणि शेवटी होडी घेऊन मासे धरायला गेला."

मी सगळं इंग्रजीत सांगितलं. ग्लेंडाने हातातलं थालीपीठ खाली ठेवलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "हे मूळ गोष्टीपेक्षा बरंय."

त्यानंतर टामा दर शनिवारी यायला लागला. जँडल्स, म्हणजे तिकडच्या स्लिपर, दारात काढायचा, "किआ ओरा, आई" असा माओरी नमस्कार करायचा आणि जमिनीवर मांडी ठोकून उलटी गोष्ट ऐकायचा. मी मधे बसून भाषांतर करायचो. "आईच्या गोष्टीत कुणी मरतच नाही," तो मला म्हणायचा. "स्वीट ॲज!" म्हणजे एकदम झकास.

पुढे मी आईला खरी बाजू दाखवली. तेव्हा ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, कारण म्हातारा पुन्हा मेला होता.

*

एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर आई चष्मा लावून दारातच उभी. हातात दहावा भाग.

"सुहास, इतके दिवस बोलला नाहीस! हे तर लग्नाचं पुस्तक आहे!"

या पुस्तकांच्या शेवटी पात्रांची ओळख दिलेली असते. वर चित्र आणि खाली वय, जन्मतारीख, उंची, रक्तगट. आईने प्रत्येक ओळीवर बोट ठेवून दाखवलं. "फोटो आहे, जन्मतारीख आहे, उंची आहे. रक्तगटसुद्धा दिलाय! बायोडाटा नाही तर काय हा?"

जपानमध्ये म्हणे रक्तगटावरून माणसाचा स्वभाव सांगतात, म्हणून ते छापतात. मी तिला तसं समजावून सांगितलं.

"तेच म्हणते मी," आई म्हणाली. "आपण नाड बघतो, ते रक्त बघतात. पण हे बघ. पहिल्या भागात मुलगी चोवीसची, दहाव्यातही चोवीसचीच."

"अगं, गोष्टीत वय वाढत नसतं."

"मला नको शिकवूस! आपल्या वधूवर मंडळात पाच पाच वर्षं चोवीसच्याच असलेल्या मुली मी पाहिल्यात. हिचं लग्न लांबलंय आणि घरचे वय चोरतायत!"

मी चहा टाकला.

*

आता पत्रिका बघणं आलंच. आमच्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर गोखले होते, पुण्याचे. त्यांचा पत्रिकेवर काडीचाही विश्वास नव्हता आणि त्यांच्या लॅपटॉपवर पत्रिकेचं सॉफ्टवेअर होतं. दोन्ही गोष्टी ते सारख्याच अभिमानाने सांगत. रविवारी ते आले. केन्जीबद्दल काही लागलं तर असावेत म्हणून मी ग्लेंडा आणि टामालाही बोलावलं होतं.

"मुलीची जन्मवेळ?" गोखल्यांनी विचारलं.

आई तयारीत होती. सहाव्या भागात मिचिकोच्या जन्माचा प्रसंग होता. बाळ, बाळंतीण, आजी आणि मागच्या भिंतीवर चक्क घड्याळ! गोखल्यांनी भिंग मागितलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पण पहाटेचे की दुपारचे? चित्रातली खिडकी काळी होती, म्हणून पहाट धरली.

केन्जीचा जन्म फेरीबोटीवर झाला होता, सकाळच्या पहिल्या फेरीला. ग्लेंडाने लगेच तिसऱ्या भागातून बेटाचं फेरीचं टाइमटेबल काढून दिलं. सॉफ्टवेअरच्या गावांच्या यादीत राजापूर होतं, राहुरी होतं, जपान नव्हतं. मग टामाने ॲटलासवर पट्टी ठेवून अक्षांश-रेखांश सांगितले.

लॅपटॉप बराच वेळ घरघरला. गोखल्यांनी चष्मा काढला आणि ऑपरेशननंतर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "छत्तीसपैकी नऊ गुण. शिवाय एकनाड."

म्हणजे काय ते मी टामाला सांगितलं. टामा ताडकन उठला. "टेस्ट पुन्हा करा!"

आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि मी मागे गेलो तेव्हा धुतलेले कप पुन्हा धूत होती.

"कुसुमचंही असंच निघालं होतं," ती म्हणाली.

कुसुममावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा पोस्टात होता, शांत होता, मावशीला मनापासून आवडला होता. एकनाड निघाली आणि आजोबांनी नारळ परत पाठवला. त्यांच्यापुढे बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. मावशीने पुढची सगळी स्थळं नाकारली, जन्मभर शाळेत शिकवलं आणि आई इकडे यायच्या आदल्याच वर्षी ती गेली. तिच्या आजारपणात आई तिच्या उशाशी होती. एवढ्या दिवसांत मावशीने त्या मुलाचं नाव एकदाही काढलं नाही, असं आई सांगत होती.

"आता या पोरीचंही तसंच होऊ द्यायचं?"

"आई, ती चित्रातली मुलगी आहे."

"मग? चित्रातली म्हणून तिने तसंच राहायचं?"

मी फडकं घेऊन कप पुसायला लागलो.

*

आणि त्याच महिन्यात बातमी आली, की सेन्सेई न्यूझीलंडला येतायत! ऑकलंडमध्ये, माउंट वेलिंग्टनच्या मॉलमधल्या पुस्तकांच्या दुकानात बसून वाचकांना सह्या देणार. आईची जायची वेळ जवळ आली होती. "त्यांना भेटल्याशिवाय मी विमानात बसणार नाही," तिने जाहीर केलं. ग्लेंडाने सगळ्यांच्या ड्यूट्या बदलल्या आणि शनिवारी सकाळी आम्ही टामाच्या व्हॅनमधून निघालो.

आईने ठेवणीतलं जांभळं इरकल नेसलं होतं. नाकात नथ, अंबाड्यावर गजरा नाही म्हणून बागेतलं कॅमेलियाचं फूल, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. पिशवीत नारळ, खण आणि कुंकवाचा करंडा. लग्नाची बोलणी करायला रिकाम्या हाताने जात नाहीत, असं तिचं म्हणणं.

मॉलमध्ये रांग पार खालच्या मजल्यापर्यंत आली होती. सगळी पोरं आपापल्या आवडत्या पात्रांचे कपडे घालून आलेली. निळे केस, पुठ्ठ्याच्या तलवारी, पाठीवर पंख. मिचिकोसारखा पांढरा कोट घातलेल्या मुली तर किती होत्या! गुलाबी विग लावलेली एक मुलगी आईकडे बघतच राहिली. नथ, अंबाडा, लुगड्याचे काठ, बूट, सगळं तिने खालीवर न्याहाळलं.

"ऑसम कॉस्च्युम!" ती मला म्हणाली. "हीप्स ऑफ डिटेल! या कोणतं कॅरेक्टर आहेत?"

मी आईला विचारलं. आईने पदर सारखा केला.

"सांग तिला, मी मुलीकडची."

मी सांगितलं. ती मुलगी किंचाळलीच! रांगभर बातमी गेली आणि पांढऱ्या कोटातल्या मिचिको एकेक करून आईच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आईने सगळ्यांना कुंकू लावलं. त्यातली एक मिचिको मुलगा निघाली. आईने त्यालाही लावलं.

*

सेन्सेई अगदी बारक्या चणीच्या होत्या. पिकलेले केस, साधा राखाडी स्वेटर, शेजारी एक दुभाषी मुलगी. दुकानाच्या मॅनेजरने आधीच बजावलं होतं, की फक्त सही घ्यायची, बोलत थांबायचं नाही. आईने टेबलावर खण ठेवला, त्यावर नारळ ठेवला आणि समोरची खुर्ची ओढून बसली. मॅनेजर पुढे धावला. टामा मधे उभा राहिला, डोळे मिटून त्याच्यापुढे वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. मॅनेजरची पंचाईत झाली, म्हणून तोही वाकला.

"बाई," आई म्हणाली, "तुमची मिचिको आणि केन्जी. पत्रिका जुळत नाही हो. नऊ गुण आहेत आणि एकनाड."

मी इंग्रजीत सांगितलं, दुभाषीने जपानीत सांगितलं. पत्रिका समजावण्यात बराच वेळ गेला. सेन्सेईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी गंभीरपणे काहीतरी विचारलं.

"सेन्सेई विचारतायत," दुभाषी म्हणाली, "याच्यावर काही उपाय असतो का?"

मला वाटलं, आई आता ग्रहशांत सांगणार, जप सांगणार. आई टेबलावर पुढे वाकली.

"उपाय काय विचारता! पेन तुमच्या हातात आहे ना? जन्मतारीख बदला! आमच्या पोरींची बदलता येत नव्हती. तुमच्या पोरीची येते."

हे जपानीत पोचेपर्यंत आई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. सेन्सेई हसल्या नाहीत. पेन उचललं आणि विचारलं, "कोणती घालू?"

आईने तारीख सांगितली. ऑगस्टमधली होती. जराही अडखळली नाही, बोटं मोजली नाहीत. मला वाटलं, पंचांग बघूनच आलेली दिसते. सेन्सेईंनी ती आपल्या तळहातावर लिहून घेतली आणि नारळ दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. हे त्यांना कुणी शिकवलं, देव जाणे! पुढच्या आठवड्यात आई कराडला गेली.

पुढच्या वर्षी शेवटचा भाग आला. फेरीबोटीवर, सगळ्या बेटासमोर, मिचिको आणि केन्जीचं लग्न झालं. आमची अख्खी फार्मसी थंड खोलीत जाऊन रडली. हाडांच्या सर्जनांनी आठवडाभर आमच्याशी अबोला धरला. आणि शेवटच्या पानावर, मिचिकोच्या चित्राखाली, जन्मतारीख बदललेली होती! वय चोवीसच.

इंटरनेटवर नुसता गोंधळ माजला. फ्रेंच लोक म्हणाले, छपाईची चूक. ब्राझीलच्या एका पठ्ठ्याने लांबलचक लेख लिहून सिद्ध केलं, की मिचिको जुळी आहे. गोखल्यांनी गुपचूप नवी तारीख लॅपटॉपमध्ये घातली आणि मला फोन केला. "अहो, गुण आणखी कमी झाले! तुमच्या आईंचा हिशेब साफ चुकला."

सेन्सेईंनी मात्र खुलासा केला नाही. मग वाचकांनीच तो दिवस मिचिकोचा वाढदिवस म्हणून धरला. ऑगस्टमधली ती तारीख आली की पॅरिसमध्ये, साओ पावलोमध्ये, ऑकलंडमध्ये पोरं पांढरे कोट घालून जमतात, मेणबत्त्या लावतात, केक कापतात. पहिल्या वर्षीचे फोटो टामाने मला दाखवले, तेव्हा मी लगेच कराडला फोन लावला.

"आई, तू दिलेल्या तारखेला जगभर पोरं वाढदिवस करतायत! केक काय, गाणी काय!"

पलीकडे आईने टीव्हीचा आवाज बंद केला.

मग आई म्हणाली, "केक बिनअंड्याचा आणतात का रे? कुसुमला अंडं चालायचं नाही."